लांब घ्यायचं का बारीक?

घाटनांदूरच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या बाया बऱ्याच आहेत, पण मालाकडं न बघता विकणारी एकच. शिवकांताबाई. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, पदराआड झाकलेलं गळ्यातलं लिंग, नाकातोंडावर दुहेरी कापडाचा मास्क आणि हातात चुलीजवळचा लांब चिमटा. पुढ्यात ढीग बोंबलाचा, आणि बाईंचं तोंड मात्र पलीकडच्या भांड्यावाल्याकडं वळवलेलं. गिऱ्हाईक आलं की त्या भांड्यावाल्याकडं बघतच विचारतात,

"लांब घ्यायचं का बारीक?"

लांब म्हणजे बोंबील आणि बारीक म्हणजे सुकट. बोंबील, सुकट हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत. नवीन माणूस गोंधळतो. जुन्या गिऱ्हाइकांना आता त्याची इतकी सवय झालीय की ती घरीही म्हणतात, "आज बारीक करा, वांगं घालून."

एकदा एक पोलीसमामा आले. बाजारात नवे होते. त्यांनी विचारलं, "मावशी, माल ताजा हाय का?"

"वाळून काडी झालीय त्याची. ताजा कसा असंल?"

"तसं न्हाई. चवीला कसा हाय?"

"मला काय ठावं?" बाई भांड्यावाल्याला म्हणाल्या. "मी खात न्हाई. पण खोटं सांगत न्हाई. मागच्या बाजाराला ज्यांनी नेला ते आज परत आलते. त्यावरनं तुमीच काय ते समजा."

पोलीसमामांनी पावशेर लांब घेतलं.

मी त्यांच्या समोरच्याच ओळीत बसते. माझा धंदा परकर, गाऊन आणि ब्लाउजपीसचा. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे, म्हणजे सगळ्यांची बोलणी खायची जागा माझी. त्यामुळं शिवकांताकाकूंचं हे सगळं कसं सुरू झालं ते माझ्याएवढं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. त्यांना मी काकू म्हणते. साठीच्या आसपास असतील. घर लिंगायत वाण्याचं, खाऊनपिऊन सुखी. बाजारपेठेतलं मोठं किराणा दुकान त्यांच्या दिराचं. दिराला गाव अप्पा म्हणतं. त्या घरात अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. सोमवारी तर काकू दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत.

अशी बाई सुकट विकायला कशी बसली?

आधी त्या हळद-कुंकू विकायच्या. मालक वारल्यावर काही वर्षांनी त्यांनी हे सुरू केलं. कुंकू, बुक्का, अष्टगंध, कापूर, फुलवाती. पितळी डब्यांची अशी रांग लावायच्या की बघत राहावं. दर थोड्या वेळानं डबे पुसायच्या, झाकणं पुसायच्या, बसायचं पोतं झटकायच्या. गिऱ्हाइकानं कुंकवात बोट घातलं की त्या बोटाकडं असं बघायच्या की माणूस ते बोट खिशात लपवायचा.

आणि त्यांच्या डाव्या हाताला, अगदी पोत्याला पोतं लागून, हमीदाबीचं सुकटीचं दुकान.

हमीदाबी म्हणजे अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. सगळ्या बाजाराला तिचा आवाज घड्याळासारखा उपयोगी पडायचा. तो सुरू झाला म्हणजे बाजार भरला. या दोघींचं भांडण मी बाजारात बसायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. कुंकवाला सुकटीचा वास लागतो ही काकूंची तक्रार. एकदा एका सासूबाईनं सुनेसाठी नेलेलं कुंकू परत आणून दिलं होतं म्हणे. तेव्हापासून काकू दोन्ही पोत्यांच्या मधल्या हद्दीवर उदबत्त्यांचा जुडगाच्या जुडगा खोचून पेटवायच्या.

"अगं ए शिवकांता," हमीदाबी खोकत ओरडायची, "माझ्या मालाला तुझ्या उदबत्तीचा वास लागायलाय! गिऱ्हाईक म्हणंल, बोंबील दर्ग्यातनं आणलेत का काय!"

"मग तू तुझं दुकान हलीव."

"मी कावून हलवू? मी आधी आलते. तू हल."

बाजाराचा ठेकेदार कंटाळून गेला होता. त्यानं काकूंना देवळाकडच्या रांगेत मोक्याची जागा दिली. काकू एक बाजार तिकडं बसल्या आणि पुढच्या बाजाराला मुकाट्यानं जुन्या जागेवर येऊन पोतं अंथरलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तितं ऊन लई लागतंय." देवळाकडं मोठा पिंपळ आहे.

आमचा गट झाला तेव्हा एक बाई कमी पडत होती. मी हमीदाबीचं नाव सुचवलं. काकू दाराजवळ बसल्या होत्या, त्या उठूनच उभ्या राहिल्या. बँकेचे साहेब समजावून सांगत होते, की सगळ्यांनी एकमेकींना जामीन राहायचं, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा.

"म्हंजे हिच्या त्या मालाला माझं कुंकू जामीन?" काकूंनी विचारलं.

"आन तुझ्या कुंकवाला माझे बोंबील," हमीदाबी म्हणाली. "बघ की, तोटा कुणाचा हाय."

साहेबांनाही हसू आवरलं नाही. काकू गटात राहिल्या, पण मिटिंगला कायम दाराजवळ बसायच्या, हमीदाबी भिंतीजवळ.

पहिल्या कर्जातून काकूंनी पितळी निरांजनं, समया, पूजेच्या सामानाचे तयार पुडे असा माल वाढवला. हमीदाबीनंही दरवेळी थोडा थोडा माल आणायचं सोडून एकदम मोठी खरेदी करायला सुरुवात केली. व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलं की तो सांगेल तो भाव. रोख नेलं की आपण सांगू तो. हे तिनं एका वर्षातच ओळखलं. दुसरं कर्ज मिळालं तेव्हा तिनं पावसाळ्याचा सगळा माल उन्हाळ्यातच भरून ठेवला. पावसाळ्यात भाजी महागते, लोकं सुकटीकडं वळतात. हिशोब बरोबर होता.

आणि मिरगाच्या तोंडाशीच ती बाजारात टेंपोतून उतरताना घसरली. मांडीचं हाड मोडलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, निदान पावसाळा संपेपर्यंत तरी खाली बसायचं नाव काढायचं नाही. तिचा मुलगा मेहबूब दुसऱ्याचा टेंपो चालवतो. सून लेकुरवाळी. घरातल्या एका खोलीत छतापर्यंत पोती लागलेली आणि वर आभाळ भरून आलेलं. सुकटीला ओल लागली की संपलं.

माझ्या ओसरीत गटाची मिटिंग बसली. कुणी म्हणालं, व्यापाऱ्याला मिळंल त्या भावात देऊन टाकावं. कुणी म्हणालं, तिचं नावच काढून टाकू गटातून. मग जी ती पदराच्या टोकाशी खेळत होती. दुसऱ्याचं कर्ज आपल्या अंगावर येणार ही गोष्ट कागदावर असते तोवर सोपी असते.

काकू दाराजवळ उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मी बसते."

"बसा की काकू," मी म्हणाले आणि सतरंजी पुढं सरकवली.

"इतं न्हाई गं मंगल. बाजारात. तिच्या जागेवर."

कुणालाच काही कळेना. त्यावर त्या चिडून म्हणाल्या, "बगायलाव काय अशा? तिचा हप्ता थकला की माझं पुढचं कर्ज अडकतंय. मला समयांचा माल भरायचाय दिवाळीला. हिशोबाची गोष्ट हाय." आणि चपला घालून निघून गेल्या.

पहिला बाजार मी जन्मात विसरणार नाही. कुंकवाचे डबे त्यांनी माझ्याकडं ठेवायला दिले. मेहबूबनं पोती आणून टाकली. काकूंनी मास्क बांधला, चिमटा काढला, तोंड फिरवून बसल्या आणि डोळे मिटून घेतले. सगळा बाजार बघत होता. विकत मात्र कुणीच घेत नव्हतं.

तेवढ्यात मेहबूबनं आईजवळ ठेवलेल्या मोबाइलवरून मला फोन आला. वॉर्डातून हमीदाबी.

"मंगल, स्पीकर लाव. तिच्या तोंडासमोर धर. शिवकांता! वरडायलीस का न्हाई?"

"वरडू काय?"

"बोंबील घ्या बोंबील, कडक बोंबील! असं."

"ते माझ्या तोंडातनं निघणार न्हाई."

"मग काय मंत्र म्हणणार हायस? अगं, माझा माल सडतोय तितं!"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. कपाळावर घाम आला होता, भस्म ओघळलं होतं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि जसं कुंकू विकायच्या अगदी त्याच, आरती म्हणावी तशा आवाजात म्हणाल्या, "घ्या माय, लांब घ्या. बारीक घ्या माय, बारीक."

फोनमधून हमीदाबीच्या हसण्याचा असा आवाज आला की वॉर्डातली नर्स धावून आली असेल. बाजार हसला. हसता हसता लोकं जवळ आली, आणि जवळ आलेला माणूस रिकाम्या हातानं जायला लाजतो. संध्याकाळपर्यंत एक पोतं संपलं.

त्या दिवशी घरी जाण्याआधी काकूंनी नळावर अंघोळ केली, लुगडं धुतलं, चिमटा राखेनं घासला. नोटा धुता येत नाहीत म्हणून त्यांनी त्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोरीला चिमटे लावून उन्हात टांगल्या. पुढं मेहबूबनं दुकानावर पैसे फोनमधून घ्यायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद लावून दिला तेव्हा काकूंना झालेला आनंद मी पाहिलाय. "ह्या पैशाला वास येत न्हाई," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आता गंमत बघा. ज्या स्वच्छतेच्या वेडापायी बाईंनी सगळ्यांना हैराण केलं होतं, त्याच वेडानं धंदा वाढवला. त्यांना माल तसाच विकवेना. सुकटीत वाळू, काड्या, शिंपल्यांचे तुकडे. मास्क बांधून, हातमोजे घालून, तोंड शक्य तितकं लांब ठेवून त्या हमीदाबीच्याच अंगणात सुकट चाळायला बसायच्या. बोंबलाची डोकी आणि शेपट्या कात्रीनं कापायच्या, तीही अंदाजानं. मग पुडे. मालकांच्या वेळी किराणा दुकानात मसाल्याचे पुडे बांधायची त्यांना सवय होतीच. मेणबत्तीवर प्लास्टिकची पिशवी चिकटवायची, वास आत आणि आपण बाहेर.

हा पुडा लोकांनी उचलून धरला. एस.टी.नं जाणाऱ्या बाया आधी सुकट घ्यायला लाजायच्या, कारण शेजारचा प्रवासी नाक धरायचा. आता पिशवीतून बिनबोभाट जायला लागली. मास्तरीणबाई, नर्सबाई, तलाठी ऑफिसातले भाऊसाहेब, सगळे पुडे न्यायला लागले. साफ केलेली, निवडलेली, घरी जाऊन नुसती भाजायची. तेलगावची एक बाई येऊन पोतंभर पुडे घेऊन जायला लागली. तिकडं हंगामात ऊसतोडीची माणसं असतात, त्यांना निवडत बसायला वेळ कुठं? गटानं पुढचं कर्ज पिशव्या चिकटवायच्या मशीनसाठी घेतलं. त्या मिटिंगला काकू पहिल्यांदा दार सोडून आत येऊन बसल्या, कारण मशीन कसलं घ्यायचं यावर त्यांना बोलायचं होतं.

पैशांवरूनही भांडण झालंच. काकू प्रत्येक बाजारची सगळी रक्कम हमीदाबीच्या सुनेच्या हातात ठेवायच्या, फक्त रिक्षाचं भाडं काढून. हमीदाबीनं खाटेवरून हट्ट धरला की निम्मा नफा तुझा, नाहीतर माझ्या मालाला हात लावू नकोस. काकू म्हणाल्या, मी हात लावतच न्हाई, चिमटा लावते. शेवटी मी मधे पडले आणि निम्मं-निम्मं ठरलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण गावात राहणं म्हणजे फक्त बाजारात बसणं नसतं.

देवळात काकू बसल्या की शेजारच्या बाया थोड्या सरकायच्या. कुणी काही बोलायचं नाही. भजनाचा निरोप यायचा बंद झाला. घरी अप्पांनी किंवा जाऊबाईंनी, सुलोचनाबाईंनी, एक शब्दही वाकडा काढला नाही. नुसतं अंगणात काकूंच्या लुगड्यासाठी वेगळी दोरी आली. मग एके दिवशी सुलोचनाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दमून येता. उगाच स्वयंपाकघरापर्यंत कशाला? तुमचं ताट खोलीतच आणून देत जाते."

हे मला काकूंनी सांगितलं नाही. मी हप्त्याचं विचारायला एका संध्याकाळी गेले तेव्हा बघितलं. मागच्या अंगाची खोली, दार ओढून घेतलेलं. आत काकू भिंतीकडं तोंड करून जेवत होत्या. ताटात सगळं होतं. गरम चपाती, वरण, दोडक्याची भाजी, लोणच्याची फोड, वाटीत दूधसुद्धा. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती.

मला बघून त्या गडबडल्या. म्हणाल्या, "पोरांचा दंगा लई असतोय बाहेर, म्हणून दार लावलं." बाहेर कसलाच आवाज नव्हता. मधल्या घरात सगळे जेवत होते, तिथून फक्त ताट-वाट्यांची किणकिण येत होती. मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. त्यांनी मला दुधाची वाटी प्यायला लावली.

दिवाळीच्या सुमारास अप्पा आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस, माझ्या घरी कधी आला नव्हता. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चहा दिला तर कप हातात धरून बसले.

"मंगलताई, वहिनी तुमचं ऐकतात," ते म्हणाले. "दादा गेल्यावर दुकानाच्या गल्ल्यावर वहिनींना बसवायला पाहिजे होतं. त्यांचा हक्क होता. तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही म्हणा, किंवा आणून घेतलं नाही म्हणा. आता त्यांनी बसावं. किल्ल्या त्यांच्याकडं देतो. नुसतं नावाला नाही, खरोखर."

"हे तुम्ही त्यांनाच का सांगत नाही, अप्पा?"

"आमच्यात बोलणं असं कुठं होतं?" ते कपाकडं बघत म्हणाले. मग थोड्या वेळानं, "फक्त त्यांनी ते सोडावं. ते... लांब का काय म्हणतात ते."

तो शब्द अप्पांच्याही तोंडातून निघाला नाही. मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हसवेना. माणूस मनापासून बोलत होता.

काकूंना मी निरोप सांगितला. मला ठाऊक होतं हे त्यांच्यासाठी काय आहे. बाजारातून परतताना आमची रिक्षा त्या दुकानावरून जायची, आणि दरवेळी काकू मान वळवून गल्ल्याकडं बघायच्या. त्या दुकानाची फळी कशी लावायची, गुळाची ढेप कुठं ठेवायची, हे मालकांच्या हयातीत त्याच ठरवायच्या. पंख्याखालची जागा, किल्ल्या कमरेला, आणि घरात पुन्हा पंगतीतलं ताट. आमच्या गटातल्या बाया तर धरूनच चालल्या की काकू आता जाणार. एक-दोघींनी हमीदाबीची जागा कुणाला द्यायची याची चौकशीही केली.

"विचार करते," एवढंच काकू म्हणाल्या.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. काकू दुकानात गेल्या नाहीत. अप्पांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात एक दिवस अप्पांच्या दुकानातला गडी आला आणि काकूंच्या जागेवर नवीकोरी, जाड ताडपत्री बांधून गेला. कुणी पाठवली ते त्यानं सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही. हमीदाबी आता बाजाराला येते. खाली बसता येत नाही म्हणून मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ओरडते, आणि काकू पुढं बसून विकतात. कुंकवाचे डबेही आहेत, उजव्या अंगाला. ताटाचं मात्र काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक दुपार.

हमीदाबीच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून मी आणि काकू बँकेतून निघालो. काकू म्हणाल्या, "चल, तिला सांगू." हमीदाबीचं घर स्टेशनच्या बाजूला. दारात शेळी बांधलेली, आत अंधार. सून लेकराला घेऊन शेजारी गेली होती. हमीदाबी खाटेवर उशाला टेकून बसली होती. इतके महिने पडून पडून अंगाची पार रया गेलेली. केसांचा तर मागं चटईसारखा गुंता झाला होता. सुनेनं विंचरायला घेतले की ही ओरडायची, म्हणून तिनं नाद सोडला होता.

"फिटलं बघ तुझं," काकूंनी सांगितलं.

"अल्लाचं नाव घे. फिटलं का!" हमीदाबीनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

काकू तिच्या डोक्याकडं बघत होत्या. "आन हे काय करून ठेवलंयस डोस्क्याचं?"

"राहू दे. कुणाला दाखवायचंय?"

काकूंनी कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली, फणी घेतली आणि सरळ खाटेवर तिच्या पाठीमागं जाऊन बसल्या. हातावर तेल ओतलं, चोळलं आणि त्या गुंत्यात दोन्ही हातांची बोटं घातली. मी उभीच राहिले. बसायलाही विसरले.

बाहेर मालगाडी गेली.

मग हमीदाबी म्हणाली, "तुझ्या दिराचा निरोप कळला मला. मेहबूब सांगत होता. जा की."

"हलू नकोस."

"मी म्हणते जा. पंख्याखाली बसशील. तुझ्या लोकांत बसशील. मी आता उठले न्हाई तरी काय बिघडत न्हाई. मेहबूबची बायको बघंल पुड्यांचं."

"तिला बारीक चाळता येत न्हाई."

"येईल. तू जा."

"न्हाई जाणार."

"कावून?"

काकूंनी एक गाठ सोडवली, दुसरी धरली. हमीदाबीला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता.

"तितं सगळे माझ्यासंगं लई मानानं बोलतेत," त्या म्हणाल्या.

"मग? वाईट हाय का ते?"

"वहिनी बसा. वहिनी जेवा. वहिनी, तुमची गोळी घेतली का." काकू हळूहळू बोलत होत्या, केस एकेक मोकळा करत. "हे गेल्यापासनं त्या घरात माझ्यासंगं कुणी आवाज चढवून बोललं न्हाई. मी चुकले तरी न्हाई. एकदा मी मुद्दाम दूध उतू घालवलं. चुलीसमोर उभी राहून घालवलं. वाटलं, सुलोचना ओरडंल. तर ती म्हणली, असू द्या वहिनी, आणि फडकं घेऊन पुसायला लागली."

त्यांनी हातावर आणखी तेल घेतलं.

"माझ्यासंगं भांडतच न्हाई कुणी, हमीदा."

हमीदाबी समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. मग तिनं आपला हात मागं नेला आणि काकूंच्या गुडघ्यावर ठेवला. तेवढाच. नुसता ठेवला.

"डोस्कं दुखायलंय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "हळू वड की. केस हायेत, सुंभ न्हाई."

"दुखू दे. गुंता काय मी केलाय?"

"तू न्हाई केलास, पण तोडायलीस तूच."

"मग बसू का उठू? सांग तसं."

"बस. बस मेले. तेल तरी नीट लाव, निम्मं उशीवर सांडलंस."

"उशीच तेवढी मळकी हाय, तेलानं निदान साफ तरी होईल."

मी दारात येऊन चपला घातल्या. त्या दोघींपैकी एकीचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं. शेळीच्या बाजूनं वाट काढत मी रस्त्याला लागले, आणि गल्लीच्या वळणापर्यंत मला दोघींचे आवाज येत होते. आधी एकीचा, मग दुसरीचा, मग दोन्ही एकदम.